घरचं गॅरेज बांधताना: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करता येईल अशी जागा घराशेजारी बांधायची, असा विषय निघाला की त्याच त्या शंका येतात. त्या इथे एकत्र केल्या आहेत. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठल्या बाजूने झुकलेली आहेत ते कळेल: पैसा आधी जमिनीखाली आणि भिंतीच्या आत घाला. कोबा, निचरा, अर्थिंग, वायरिंग ही कामं एकदाच होतात. पाने आणि मशिनं पुढे आयुष्यभर घेता येतात.

चौकात मिस्त्री असताना घरी गॅरेज कशाला?

पैसे वाचवायला बांधत असाल तर बांधू नका. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड यांच्या मजुरीतून बांधकामाचा खर्च वसूल होत नाही. नाद असेल तर मात्र बांधा. आणि नादाची या गावाला कमतरता नाही. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडली की माणसं पोरांना खांद्यावर घेऊन उभी राहतात. एखाद्याच्या पडवीत आजोबांची चेतक किंवा येझदी ताडपत्रीखाली पडून असते आणि "एक दिवस करायची आहे" हे वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं ऐकू येतं. तो एक दिवस उजाडायला जागा लागते. खोललेलं इंजिन महिनाभर तसंच ठेवता येईल आणि रात्री पोरं-मांजरं त्यात हात घालणार नाहीत, अशी जागा. मिस्त्रीच्या दुकानात ही चैन परवडत नाही, त्याला दुसरी गाडी कामाला घ्यायची असते.

किती जागा पुरेल?

एका कारसाठी आतून 12 बाय 20 फूट. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या कराच्या नियमामुळे 4 मीटरच्या आत, म्हणजे साधारण 13 फूट लांबीच्या असतात. 20 फुटांत गाडी बसल्यावर पुढे-मागे मिळून सात फूट उरतात. बाकाचे दोन फूट गेले तरी बॉनेटपुढे माणूस वाकून काम करू शकतो. रुंदीत मात्र कंजुषी नको. 10 फुटांत गाडी लावता येते, पण दार पूर्ण उघडत नाही आणि चाक काढून बाजूला ठेवायलाही जागा राहत नाही. बुलेट किंवा स्कूटरही आत हवी असेल तर 14 फूट घ्या. शटर किमान 9 फूट रुंद घ्या.

फक्त दुचाकी असेल तर 8 बाय 10 ची खोली भरपूर झाली. पुढची निम्मी उत्तरं तुम्हाला लागणारच नाहीत.

परवानगी लागते का? आपल्याच आवारात तर आहे.

लागते. पक्कं बांधकाम आणि चारी बाजूंनी बंद शेड, दोन्हींना. महापालिकेच्या हद्दीत नगररचना विभाग, हद्दीलगतच्या 42 गावांत कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि घराभोवती सोडायच्या मार्जिनचे नियम तिच्यातच आहेत. बहुतेकांची अडचण इथेच होते. घराच्या कडेची जी पट्टी गॅरेजसाठी मोकळी दिसते ती नेमकी साइड मार्जिन असते. तिथे भिंत घातली आणि शेजाऱ्याने एक अर्ज दिला की झालं. आर्किटेक्टला मंजूर नकाशा दाखवून मार्जिन वगळता किती जागा उरते ते आधी काढून घ्या.

दुसरी गोष्ट पूररेषेची. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच सोडा. दोन्हींच्या मध्ये असाल तर खालचा पुराचा प्रश्न नीट वाचा.

आमच्याकडे काळी माती आहे. कोबा टिकेल का?

मातीवर सरळ ओतलात तर टिकणार नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते. वरचा कोबा तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात मधोमध तडकतो. काळा थर मुरूम लागेपर्यंत काढा. तो फार खोल असेल तर निदान दोन-अडीच फूट काढून मुरूम भरा. भरतानाही एकदम ओतून मोकळं व्हायचं नाही. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, पाणी, रोलर किंवा धुम्मस, मग पुढचा थर. त्यावर दगडी सोलिंग, सोलिंगवर जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर काँक्रीट. कागद ठेकेदार हमखास विसरतो. तो नसेल तर जमिनीतली ओल वर येत राहते आणि जुलैत फरशीला घाम फुटतो.

काँक्रीट 5 इंच जाडीचं, एम-20 या ताकदीपेक्षा कमी नको. 12 बाय 20 ला 5 इंच म्हणजे बरोबर 100 घनफूट, एक ब्रास. एकास दीडास तीन या प्रमाणाने सिमेंटची 23 पोती लागतात. क्रशसँड अर्ध्या ब्रासला थोडी कमी आणि खडी पाऊण ब्रासच्या थोडी वर. हा हिशेब पाठ ठेवा, कारण "पंधरा पोत्यांत बसवतो" म्हणणारा कोणीतरी भेटतोच. आत सळईची जाळी टाका. ट्रायमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी मशिनने ओढून घेण्याची पद्धत) करणारे मिळाले तर उत्तम, पृष्ठभाग घट्ट होतो आणि धूळ सुटत नाही.

उतार शटरकडे, शंभराला एक. 20 फुटांत अडीच इंचाच्या आसपास. यापेक्षा जास्त दिला तर जॅकवर घेतलेली गाडी सरकायला बघते. कमी दिला तर पाणी आत साचतं. शटरच्या बाहेर आडवी चर घेऊन तिच्यावर लोखंडी जाळी टाका, म्हणजे रस्त्यावरून येणारं पाणी चरीत पडेल.

पाणी मारण्यात हयगय नको. वाफे करून किमान 14 दिवस पाणी उभं ठेवा आणि गाडी 28 दिवसांनंतरच चढवा.

वरून टाइल्स किंवा शहाबादी घालू का? दिसायला बरं.

नका घालू. ट्रॉली जॅकची चाकं लोखंडी आणि अगदी लहान असतात, गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन त्या चार ठिपक्यांवर येतं. टाइलखाली कुठेतरी पोकळी राहिलेली असतेच, बरोबर तिथे ती फुटते. गुळगुळीत टाइलवर ऑइलचा थेंब पडला की पायही घसरतो आणि जॅकही. साधा घोटलेला कोबा सगळ्यात चांगला. डाग पडतात, पडू द्या.

प्लिंथ (जोतं) किती उंच घ्यावी?

रस्त्यापेक्षा एक फूट तरी. पण प्रत्येक फुटामागे निदान आठ फूट लांबीचा रॅम्प लागतो हे आधी बघा. पुढे जागा तीन फूट आणि प्लिंथ दोन फूट, असं केलं की गाडीचं पोट घासतं. रॅम्प रस्त्यावर किंवा गटारीवर काढू नका, अतिक्रमणवाले पहिला तोच फोडतात.

छत पत्र्याचं की स्लॅब?

वर खोली काढायची असेल तर स्लॅब, नाहीतर पत्रा. पत्रा रंगीत, जाड आणि उतार चांगला असलेला घ्या. इथला पाऊस गगनबावड्याच्या मानाने काहीच नाही, पण खरी भीती जून-जुलैच्या झडीची नसून मेच्या वळवाची असते. वळीव वारा घेऊन येतो आणि बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये शिरून पत्रा खालून उचलतो. म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट मारून घ्या, आणि कैच्यांचे पाय भिंतीवर नुसते टेकवू नका, बोल्टने आवळा.

मधे एक-दोन पत्रे पारदर्शक टाका, दिवसा दिवा लावावा लागत नाही. वर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवा आणि समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत जाळीची भोकं ठेवा. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड, ते खाली साचतात. सीएनजी हलका, तो छताला जातो. वाट दोघांनाही हवी.

गाडीखाली काम करायला खड्डा घेतो. मिस्त्रीकडे असतोच की.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर सहसा "नको" असतं.

पहिलं कारण पाणी. पावसाळ्यात पंचगंगेच्या अंगाला जमिनीतलं पाणी बरंच वर येतं. पाच फुटी खड्डा घेतला की आपण लहानशी विहीर खणलेली असते. वॉटरप्रूफिंग करणारे हमी देतात, पण ती कागदावर राहते आणि ऑगस्टमध्ये मोटर लावून उपसायचं काम आपल्याकडे येतं.

दुसरं कारण जिवाचं. फिल्टर बदलताना सांडलेल्या पेट्रोलची वाफ तळाशी जाऊन बसते, वारा नसल्यामुळे तिथून हलत नाही. वरून हँडलॅम्प पडून फुटला, पाना लोखंडावर आपटून ठिणगी उडाली, की बाहेर पडायला एकच अरुंद जिना. मिस्त्रीच्या खड्ड्यावर दिवसभर माणसं असतात. घरी आपण रविवारी दुपारी एकटेच असतो आणि घरातले झोपलेले असतात.

तरीही हवाच असेल, जागा उंचावर असेल, खाली मुरूम असेल, तर रुंदी अडीच फूट घ्या, तीन फुटांच्या पुढे जाऊ नका. गाडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर त्याहून फार मोठं नसतं. खोली आपल्या उंचीनुसार साडेचार ते पाच फूट. काठाला लोखंडी अँगल, आत 12 व्होल्टचा बंदिस्त दिवा, तळापासून बाहेर हवा ओढणारा पंखा, आणि काम नसताना वर जाड फळ्या. पेट्रोलच्या टाकीचं किंवा पाइपचं काम मात्र खड्ड्यावर करायचंच नाही.

मग लिफ्ट?

दोन खांबांची लिफ्ट घरी बसवलेले हौशी आहेत. तिला छत 12 फुटांच्या वर लागतं, खांबांखाली जाड काँक्रीट लागतं आणि बहुतेक मॉडेलना थ्री फेज लागतो. आत्ता पैसे नसतील पण पुढे कधीतरी घ्यायची असेल, तर छत उंच ठेवा आणि खांबांच्या जागी काँक्रीट आत्ताच खोल करून घ्या. नंतर कोबा फोडणं जिवावर येतं.

जॅकवर गाडी घेऊन खाली शिरलं तर चालतं का?

नुसत्या जॅकवर कधीच नाही. गाडीतला कात्री जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. ट्रॉली जॅकचंही सील कधी जाईल सांगता येत नाही, आणि जातं तेव्हा तो आधी सांगत नाही. दगड, विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांच्यावर गाडी टेकवणारे अजून दिसतात. ब्लॉक वजन घेतो, घेतो, आणि एका क्षणी त्याचा भुगा होतो.

जमीन सपाट असू द्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढची बाजू उचलणार असाल तर हँडब्रेकवाली मागची चाकं जमिनीवर असतात. मागची उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपला, तेव्हा ठोकळ्यांवरच भिस्त. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, हवेत गेल्यावर पान्याला लोंबकळू नका. जॅक लावायची जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीवर दोन खाचा दिसतात, त्यांच्या मधे. त्या सोडून दुसरीकडे लावला तर पत्रा दुमडतो. गाडी उचलली की जॅक स्टँड सरकवा, पिना नीट बसल्या का बघा, आणि जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर येऊ द्या. मग जॅक पुन्हा नुसता टेकेल इतपत वर घ्या. काढलेलं चाक आडवं करून पट्टीखाली सरकवा. आता खांद्याने गाडीला चांगला धक्का द्या. हलली, कुरकुरली, तर पुन्हा पहिल्यापासून. खाली शिरायच्या आधी हलली तर बरंच.

आणि घरात कोणाला तरी सांगून शिरा. फोन खिशात नको, बाहेर हाताला लागेल असा ठेवा.

विजेचं काय करायचं?

घराच्या मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन घ्या. गॅरेजचा स्वतःचा छोटा बोर्ड, त्यात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच. ओल्या फरशीवर उभं राहून ग्राइंडर चालवणाऱ्याचा जीव तोच वाचवतो. 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5 स्क्वेअर एमएम वायर, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगला 4 ची वेगळी. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, पाणी आणि पेट्रोलची वाफ दोन्ही खाली राहतात म्हणून. अर्थिंग स्वतंत्र करून घ्या आणि तपासून घ्या. नुसतं "केलंय" ऐकून सोडू नका.

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाचा. 2 एचपीचा कॉम्प्रेसर चालताना दीड किलोवॉट घेतो, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. इन्व्हर्टर वेल्डिंग मशिनवर 200 अँपिअर लिहिलेलं असतं, पण पूर्ण ताकदीने चालवलं तर साध्या सिंगल फेज घरगुती जोडणीला ते झेपत नाही. पातळ पत्र्याला 80-100 अँपिअर भरपूर होतात.

दिवे?

गाडीच्या डोक्यावर नको, गाडीच्या दोन्ही बाजूंना. बरोबर मधे ट्यूब लावली की बॉनेट उघडल्यावर इंजिनवर त्याचीच सावली पडते. दोन्ही बाजूंना दोन-दोन एलईडी पट्ट्या, एक बाकावर. गाडीखाली चार्जिंगचा हँडलॅम्प. 230 व्होल्टचा बल्ब वायरला लोंबकळवत गाडीखाली नेण्याची जुनी पद्धत आता बंद व्हायला हवी.

कॉम्प्रेसर घ्यावाच लागतो का?

सुरुवातीला नाही. हवा भरायला छोटा पंप पुरतो. घेतलात तर टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून पाणी काढत जा. आपल्या पावसाळी हवेत टाकीत पाणी भराभर साठतं आणि ती आतून गंजते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

हत्यारं कुठली आणि कुठून सुरुवात?

दोनशे नगांचा चकचकीत पेटीवाला सेट बघून भुलू नका. त्यातले निम्मे नग कधी हातात येत नाहीत आणि लागणाऱ्या 10, 12, 14, 17 च्या, नटावर बसणाऱ्या गोट्याच आधी गुळगुळीत होतात. फिक्स पाने आणि रिंग पाने चांगल्या कंपनीचे घ्या. टपारिया नाशिकची आणि कुठेही मिळते. अर्धा इंची गोटी पान्यांचा सेट, एक लांब टी, पक्कड, नोज प्लायर, चांगले स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, ग्रीस गन.

एकच महागडी गोष्ट लवकर घ्या, टॉर्क रेंच. आपल्याकडे "दाबून आवळ" ही सवय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग दाबून आवळला की आटे निघतात, आणि पाच मिनिटांचं काम उद्यमनगरातल्या लेथवाल्यांच्या वारीवर जातं. पुस्तकात दिलेला आकडा बघा, रेंचवर लावा, टक् वाजलं की थांबा. वापर झाला की स्प्रिंग सैल करून रेंचवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

बाक बाभळीच्या जाड फळीचा किंवा लोखंडी अँगलचा, पण भिंतीला बोल्ट मारलेला. व्हाइसचा वरचा काठ आपल्या कोपराच्या उंचीला यावा, म्हणजे कानस मारताना खांदे दुखत नाहीत. पावसाळ्यात पान्यांना ऑइल लावलेला वेस्टचा बोळा फिरवत जा, नाहीतर आठवड्यात तांबूस होतात. खंडेनवमीला त्यांना हळद-कुंकू लागतंच, वर्षातून एकदा सगळी हत्यारं एका जागी दिसतात आणि शेजाऱ्याने नेलेली कुठली परत आली नाहीत तेही कळतं.

घरी काय करावं आणि काय करू नये?

पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला घरात लेथ हवासा वाटतो. कोल्हापूरकराला त्याची गरज नाही, कारण शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवारनगर हाकेच्या अंतरावर आहेत. सिलिंडर बोअर करणं, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, क्रँक ग्राइंडिंग, तुटलेला स्टड काढणं, बाजारात न मिळणारा बुश टर्न करून घेणं, ही सगळी कामं तिथे होतात, आणि आयुष्यभर तेच केलेली माणसं ती करतात. जुना पार्ट नमुना म्हणून हातात घेऊन जायचं. तो साफ करून न्या, चिखलासकट नेलात तर कारागीर तोंडाकडे बघतो. मोजमाप विचारलं तर अंदाजे सांगू नका, "तुम्हीच घ्या" म्हणा.

म्हणून घरचं गॅरेज खोला-जोडायला बांधा, मशीनिंगला नको. त्यात निम्मी जागा आणि निम्मा खर्च वाचतो.

घरी हात लावू नये अशी कामं: पुढच्या सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग, ती सुटली तर हाड मोडते. एअरबॅग. एसीचा गॅस. सीएनजी किट, त्याचं सिलिंडर तर दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रातच तपासावं लागतं. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरचे पाइप, त्यांतला दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे. तिचे टायर, ब्रेक, वायपर, 12 व्होल्टची छोटी बॅटरी एवढंच आपलं.

जळक्या ऑइलचं काय करायचं?

लहान कारमधून तीन-चार लिटर, मोटरसायकलमधून लिटरभर निघतं. ते गटारीत ओतलं की नाल्यात जातं, जयंती नाल्यात गेलं की पंचगंगेत, आणि पुढे आपल्याच नदीकाठच्या गावांत. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑइलच्याच डब्यात परत भरा, झाकण घट्ट लावा, पाणी आणि कूलंट मिसळू देऊ नका. डबे साठले की ज्या सर्व्हिस सेंटरमधून जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेला जातं तिथे विचारून द्या. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची गावाकडची पद्धत आहे, पण विहिरीजवळ ती करू नका.

जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, पैसे वजा होतात. कूलंट गोडसर आणि विषारी असतं. सांडलेलं तसंच सोडलं तर मांजर किंवा कुत्रं चाटतं आणि मरतं, तेव्हा लगेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा.

आमच्या भागात पूर येतो. गॅरेज बांधावं का?

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. इशारा पातळी 39, धोका पातळी 43. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग इथल्या लोकांना हे आकडे सांगायला नकोत.

बांधायचंच तर पाणी आत येणार हे धरून बांधा. बोर्ड आणि सॉकेट 2021 च्या खुणेच्या वर. लाकडी कपाटं तरंगून शटर अडवतात, त्याऐवजी लोखंडी रॅक, भिंतीला बोल्ट केलेले. कॉम्प्रेसर चाकांवर. हत्यारं दोन माणसं उचलू शकतील अशा पेट्यांत. गटारीच्या तोंडाला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह. आणि ऑइल-पेट्रोलचे डबे सगळ्यात आधी हलवा, पुराच्या पाण्यावर पसरलेला तवंग सगळ्या गल्लीच्या भिंतींवर बसतो.

गाडी 39 ला हलवा. 43 ची वाट बघणाऱ्यांना उंचावर जागा मिळत नाही, राजारामपुरीच्या गल्ल्या तोवर भरलेल्या असतात, आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की बाहेरची वाटही बंद.

गाडी पाण्यात गेलीच, तर घरी काय करता येईल?

किल्ली फिरवू नका. फक्त "बघू सुरू होते का" म्हणूनही नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर पिस्टन वर येतो, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. धुण्यावर भागणारं काम तिथून पुढे नव्या इंजिनाच्या किमतीत जातं.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. एअर फिल्टरचं झाकण उघडा. कागद ओला असेल तर पाणी आत गेलंय असं समजा. डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर चढली असेल तर ते सगळं काढून टाका. पेट्रोल गाडीचे प्लग काढून क्रँक हाताने, पान्याने फिरवा, भोकांतून पाणी बाहेर पडेल. विमा असेल तर हे सगळं करण्याआधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि ते म्हणतील तसंच करा.

मित्रांच्या गाड्या कामाला घेतल्या तर?

ऑइल बदलून चहा प्यायलात तर काही नाही. पैसे घेऊन नियमित कामं करायला लागलात की तो धंदा झाला. मग दुकान नोंदणी, व्यावसायिक वीजजोडणी वगैरे आलं. घरगुती मीटरवर धंदा चालवणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये बसतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेजारी. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. ग्राइंडर तिच्या कितीतरी वर जातो.

घरी सायलेन्सर बदलता येईल का? बुलेटला जरा आवाज हवा होता.

बदलता येईल आणि पोलिसांना सापडताही येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. जप्त केलेल्या सायलेन्सरवर भर रस्त्यात रोलर फिरवतानाचे फोटो आपण पेपरात बघतोच.

उंदीर वायरिंग खातात. उपाय?

शटरखाली रबराची पट्टी लावा, फटी सिमेंटने बुजवा, खाण्याचं काही गॅरेजमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मधून मधून बॉनेट उघडून बघा. आत पालापाचोळा किंवा चिंध्या दिसल्या तर घरटं सुरू झालंय. गाडी सुरू न करता आधी ते काढा, पंख्याच्या पट्ट्यात अडकलेलं पिल्लू काढणं हे फार घाण काम आहे.

आग विझवायचं सिलिंडर कितीचं घ्यावं?

एबीसी पावडरचं, 4 किंवा 6 किलोचं. शटरच्या बाजूला टांगा, आतल्या कोपऱ्यात नको, कारण आग गाडीला लागली तर आपण बाहेरच्या बाजूला पळालेलो असतो. शेजारी कोरड्या वाळूची एक बादली. काटा हिरव्यात आहे का हे महिन्यातून एकदा बघा. आणि शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका, थंडीत पाच मिनिटंसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.